नॉर्मल आलंय, मग गोळी बंद करू का?

परवा म्हसवडच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसले होते. पलीकडच्या बाकावरनं एक आक्का उठून शेजारी येऊन बसल्या. पदर सावरला आणि राम राम नाही, बरं हाय का नाही, थेट विचारलं, "नर्सबाई, बीपी तपासलं काल. एकदम नॉर्मल हाय म्हनली मॅडम. आता गोळी बंद करू का?"

उपकेंद्रातली नोकरी संपून मला काही वर्षं झाली, पण हा प्रश्न काही रिटायर झाला नाही. लग्नात अक्षता हातात घेऊन उभी असते तेव्हा विचारतात. सिद्धनाथाच्या यात्रेत गुलालात माखलेले असताना विचारतात. एकदा तर एकाच्या दहाव्याला, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे गप्प बसले होते, तेवढ्यात मागून हळूच आवाज आला, "बाई, ती गोळी..." दर वेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगून मोकळी होते, कारण गाडी आलेली असते नाहीतर कावळा शिवलेला असतो. तुम्ही विचारलंतच, तर आज नीट बसून सांगते.

बंद करू नका. नॉर्मल आलंय ते गोळी चालू आहे म्हणून आलंय.

हे एवढंसं वाक्य लोकांच्या गळी उतरवायला मी कितीतरी वर्षं घालवली. तक्त्यावर चित्रं काढून दाखवली, पाण्याच्या पाइपाचं उदाहरण दिलं. शेवटी ज्यानं एका दमात समजावलं तो मेंढका होता. उपकेंद्राच्या दारात पायरीवर बसलेला, खांद्यावर घोंगडं, स्वतःच्या नंबराची वाट बघत. आत मी एका बाईशी हुज्जत घालत होते. ती म्हणत होती, आता बरं वाटतंय, कशाला खाऊ? हा बाहेरनंच ओरडला, "अगं, लांडगा आला न्हाय म्हनून कुत्री सोडून देती व्हय तू?" माणदेशात याच्यापुढं काही बोलावं लागत नाही. त्या दिवसापासून मी त्याचंच वाक्य वापरते.

फसगत कुठं होते बघा. आपल्याकडं बहुतेकांना सुरुवातीला ॲम्लोडिपीन देतात, पाच मिलिग्रॅमची बारकी पांढरी गोळी. ती अंगात सावकाश मुरते आणि सावकाशच उतरते. म्हणजे आज बंद केली तर उद्या काही होत नाही, परवाही होत नाही. माणूस म्हणतो, बघा, काही झालं का? दाब मात्र आठ-पंधरा दिवसांत हळूहळू वर चढत असतो आणि त्याचा आवाज होत नाही. डोकं दुखलं तरच बीपी वाढलं, असं आपण धरून चाललोय. बहुतेकांना काहीच होत नाही. १८० असलेला माणूस समोर बसून हसत तंबाखू मळताना मी कितीदा पाहिलाय.

हे मी एवढ्या खात्रीनं सांगते, कारण मी स्वतः बंद केली होती.

रिटायर झाले, घरी आले. महिन्याची मीटिंग नाही, अहवाल नाही, पोलिओच्या रविवारी पहाटे उठून डबे भरायचे नाहीत. म्हटलं, बीपी सगळं नोकरीचं होतं, नोकरी गेली, आता गोळी कशाला. त्यात पायावर सूज यायची, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा. ॲम्लोडिपीननं काहींना अशी सूज येते, हे मला पाठ होतं. गोळी सोडली आणि सूज उतरली. मला तर वाटलं, शरीरच सांगतंय, बरं केलंस बाई. अडीच महिने अशी ऐटीत होते.

मग एक दिवस नातवाला लसीला घेऊन उपकेंद्रात गेले. आता तिथं समुदाय आरोग्य अधिकारी असते, सगळे तिला सीएचओ मॅडम म्हणतात. माझ्या मुलीपेक्षा लहान पोरगी. रुजू झाली तेव्हा गावातली घरं मी तिला हिंडून दाखवली होती. म्हणाली, "बसा मॅडम, तुमचंही बघून टाकू." मी दंड पुढं केला आणि बोलायला लागले. ती म्हणाली, "पाच मिनिटं शांत बसायचं. तुम्हीच सांगायचात ना?" पाठ टेकवून बसवलं, पाय जमिनीला टेकायला लावले, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवला. लस टोचलेला नातू भोकाड पसरून रडत होता, त्यालाही बाहेर पाठवलं.

१७८ आणि १०४.

थोड्या वेळानं परत घेतलं, १७२ आणि १०२. तिनं माझं कार्ड काढलं, आधीची गोळ्या नेल्याची तारीख बघितली आणि विचारलं, "कधीपासून बंद आहे?" चालू आहे का, असं विचारलंच नाही. आणि मी, जिनं एवढी वर्षं लोकांची थापेबाजी ऐकून घेतली, ती मी म्हणाले, "अगं, कालचीच राहिली घ्यायची." अगदी तेच वाक्य. शब्दाचाही फरक नाही.

तिनं मला पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांना सुजेचं सांगितलं, तर त्यांनी ती गोळी कमी करून जोडीला दुसरी दिली. सूजही कमी झाली आणि दाबही. म्हणजे अडीच महिन्यांपूर्वी हेच जाऊन सांगायला हवं होतं. गोळीनं त्रास होत असेल तर गोळी बदलता येते. कुणाला पायाला सूज येते, कुणाला दुसऱ्या एका प्रकारच्या गोळीनं कोरडा खोकला लागतो. डॉक्टरांकडं पर्याय असतात. न सांगता सोडली तर कुणाला कळणार?

ते कार्ड कुठून आलं, हेही सांगते. २०१७ च्या नोव्हेंबरात देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे होते भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा. त्याआधी आम्ही बीपी तपासायचो, पण ह्या माणसानं पुढच्या महिन्यात गोळी नेली का, कोण आलं नाही, हे धरून ठेवायची नीट रीत नव्हती. बाळंतिणीचा माग आम्ही काढायचो, लसीच्या बाळाचा काढायचो, म्हाताऱ्याच्या बीपीचा कोण काढतो? कार्ड आल्यावर तो निघायला लागला. आम्हाला लिखापढी वाढली म्हणून आम्ही तेव्हा कुरकुर केली होती, ती गोष्ट वेगळी.

आता तपासण्याबद्दल. उन्हातनं दोन किलोमीटर चालत येता, दारातच चहा होतो, गालात तंबाखू नाहीतर सकाळी मिश्री लावलेली, खांद्याची पिशवी तशीच, आणि म्हणता, लवकर बघा, गाडी आहे. त्या आकड्याला काय अर्थ? चहा, तंबाखू, मिश्री, बिडी ह्यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवी लागली असेल तर जाऊन या, तुंबलेल्या लघवीनंही आकडा वर जातो. पाच मिनिटं गप्प बसा. दंडावर ब्लाउजची घट्ट बाही असेल तर ती वर सारून गाठ करू नका, बाही मोकळी करा. एकदा वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका, वेगवेगळ्या दिवशी तपासून वरचा आकडा १४० किंवा त्याच्या वर, नाहीतर खालचा ९० किंवा त्याच्या वर राहतोय का, हे बघतात. तसंच एकदा नॉर्मल आलं म्हणून जिलबी वाटू नका.

मिठाचं तर विचारूच नका. "आमी मीठ लई खात न्हाय" असं न म्हणणारं घर मला अजून भेटलेलं नाही. मी वाद घालत नाही. विचारते, घरात माणसं किती? पाच. मिठाचा किलोचा पुडा किती दिवस जातो? मग सासू सुनेकडं बघते, सून आढ्याकडं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. पाच माणसं, पाच-पाच ग्रॅम, दिवसाचे पंचवीस. किलोचा पुडा चाळीस दिवस चालला पाहिजे. एका घरी उत्तर आलं, पंधरा दिवस. जनावरांना घालता का त्यातलं, म्हटलं, तर म्हणे त्यांचं जाडं मीठ वेगळं असतं.

आणि ह्या हिशेबात दुकानातली फरसाण, खारे शेंगदाणे, वेफर्स, विकतचं लोणचं आलंच नाही. पापड तर दुहेरी, मीठही आणि पापडखारही, दोन्हींत सोडियमच. आपली भाकरी मात्र गुणाची. ज्वारीच्या पिठात, बाजरीच्या पिठात आपल्याकडं बहुतेक घरी मीठ घालत नाहीत. जे काय होतं ते भाकरीवर ठेवतो त्यानं होतं. ठेचा, खारातली मिरची, वाळवून तळलेली सांडगी मिरची. मी ठेचा सोडा म्हणणार नाही, माझ्यानं नाही सुटला. ठेच्यात मीठ निम्मं करून लसूण आणि भाजलेले शेंगदाणे वाढवले, आठवडाभर घरात तोंडं वाकडी झाली, मग कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. ताटात वाढायच्या मिठाची वाटी तेवढी उचलून ठेवली. सैंधव चालतं का, हा पुढचा प्रश्न असतोच. सैंधव म्हणजेही मीठच. आणि कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असलेल्यांनी आणि काही ठरावीक गोळ्या चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

किडनीवरनं आठवलं. "गोळ्या खाऊन किडनी जाती" म्हणून बीपीची गोळी सोडणारी माणसं मेडिकलमध्ये जाऊन गुडघ्याची गोळी मात्र चिठ्ठीशिवाय आणतात, महिनोन्‌महिने. वाढलेला दाब किडनी खातो, आणि त्या दुखण्याच्या गोळ्या दाबही वाढवतात आणि किडनीलाही जड जातात. नेमकं उलटं धरलंय आपण.

उपवासाचं लवकर सांगते. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, गोळी पाण्याबरोबर घ्या. गोळी म्हणजे काही धान्य नाही. साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले बटाट्याचे वेफर्स चालतात आणि एवढीशी गोळी देवाला चालत नाही, असं मला कुणी पटवून द्यावं.

वारीत मात्र जीव कळवळायचा. माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यातनं जाते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. मी तिथं ड्युट्या केल्यात. गावावरनं चालत निघालेल्या म्हाताऱ्या, पायाला फोड, दाब तपासला की वर. गोळी? घरी राहिली. नाव काय गोळीचं? "पांढरी, बारकी." असल्या पांढऱ्या बारक्या गोळ्या शंभर आहेत हो. म्हणून सांगते, गोळीच्या पाकिटाचा नाव लिहिलेला तुकडा बटव्यात ठेवा, नाहीतर नातवाला सांगून मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या. आणि पाकिटावर पेनानं वार लिहून ठेवा, सो, मं, बु असे, प्रत्येक गोळीच्या मागं. म्हणजे आज घेतली का नाही, ह्यावरनं घरात भांडण होत नाही. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, नेहमीची एकच घ्या.

आता कुणी म्हणेल, मग जन्मभर? बहुतेकांना हो. पण कधीच कमी होत नाही, असं मी म्हणत नाही, ते खोटं होईल. वजन उतरलं, मीठ कमी झालं, रोजचं चालणं झालं, तर डॉक्टर गोळी कमी करतात. वय झालेल्या माणसाला उठल्यावर अंधारी येत असेल, तर उभं करून दाब बघतात आणि डोस बदलतात. जुलाब-उलट्या लागल्या असतील, तर विचारून घ्यावं. आणि सुनेला, लेकीला बीपीची गोळी चालू असेल आणि मूल हवं असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावं, कारण काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. हे सगळं त्यांनी ठरवायचं, आपण किंवा शेजारच्या मास्तरांनी नाही.

आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर राहीना, बोबडी वळली, तर लिंबू-पाणी, काढा, मांत्रिक काही नको, तोंडात काही घालू नका. १०८ ला फोन करा, आणि त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. सकाळपर्यंत वाट बघू म्हटलेली घरं मी पाहिलीत. आता ती माणसं काठी घेऊन पाय ओढत चालतात.

तर त्या आक्का. एवढं सगळं मी त्यांना सांगितलंच, गाडीला उशीर होता. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमची तरी चालू हाय का?"

मी पर्समधनं पाकीट काढून दाखवलं, वार लिहिलेलं, ऐटीत. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, बोट ठेवत ठेवत बघितलं.

"आज गुरुवार न्हवं बाई? हितं मंगळवारची हाय की अजून."