छाटायचीच आहे ती फांदी, आधी वाकवून बघा

बोन्सायसाठी, म्हणजे कुंडीत लहान ठेवून तारेने आणि कात्रीने घडवायच्या झाडासाठी, रोप निवडताना नर्सरीत मी पानांकडे फारसं बघत नाही. पिशवीतली वरची माती बोटाने सारतो आणि बुंधा कुठे रुंदावतो ते शोधतो. मुळं चहूबाजूंनी पसरलेली असली, खोड खाली जाड आणि वर निमुळतं होत गेलं असलं, पहिली फांदी खालूनच निघाली असली, की ते रोप माझं. मग ते कोपऱ्यात सारून ठेवलेलं, वेडंवाकडं वाढलेलं का असेना. पानं नवी फुटतात, फांद्या वळवता येतात. बुंध्याचा घेर मात्र तारेने येत नाही, त्याला वर्षंच द्यावी लागतात.

सरावासाठी अशी स्वस्तातली रोपंच घ्यावीत, हे माझं ठाम मत आहे. महागड्या झाडावर हात जपूनच चालतो, आणि जपून चालणाऱ्या हाताला फांदी किती सोसते हे कधी कळत नाही. म्हणून माझी एक पद्धत आहे. नव्या रोपाच्या निम्म्या फांद्या तरी आराखड्यात बसत नाहीत, छाटाव्याच लागतात. त्या लगेच छाटायच्या नाहीत. आधी त्यांना तार घालायची आणि मोडेपर्यंत वाकवायच्या. फांदी मोडण्याआधी सांगते. अंगठ्याखाली साल ताणली जाते, आतून बारीकसं करकरतं, आणि मग क्षणभर फांदी एकदम मऊ लागते. तो मऊपणा आला म्हणजे आतले तंतू तुटू लागलेत. तिथे थांबायला हाताने शिकायचं असतं, आणि ते वाचून येत नाही.

तार म्हणाल तर सुरुवातीला अ‍ॅल्युमिनियमची बरी. तांब्याची तार पकड घट्ट धरते, पण वाकवली की कडक होते, त्यामुळे चुकलेला वेढा दुरुस्त करणं अवघड जातं. जाडी साधारण फांदीच्या एक तृतीयांश, म्हणजे 9 मिलिमीटरच्या फांदीला 3 मिलिमीटरची तार. लांबी फांदीच्या दीडपट तरी हवी. एकाच तारेत शेजारच्या दोन फांद्या घ्याव्यात आणि त्यांच्यामध्ये खोडाला निदान एक वेढा द्यावा, नाहीतर एक फांदी हलवली की दुसरी हलते.

वेढे 45 अंशांच्या आसपास पडले की छान बसतात. फार जवळजवळ घातले तर तार स्प्रिंगसारखी लवते, फार लांबवले तर धरत नाही. डाव्या हाताने आधीचा वेढा फांदीशी धरून ठेवायचा, उजव्याने फक्त पुढची तार फिरवायची. फांदीला ज्या बाजूने पीळ द्यायचा असेल त्याच बाजूने गुंडाळावी, म्हणजे वाकवताना वेढे आवळतात. आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला तार आलीच पाहिजे, कारण साल तिथेच फाटते. आदल्या दिवशी पाणी थोडं कमी ठेवलं तर फांद्या जास्त लवचिक लागतात.

शिकायला फायकससारखं, म्हणजे वड-पिंपळाच्या कुळातलं, दुसरं झाड नाही. उघड्या खोडावरही फुटवे येतात, त्यामुळे चुकीची छाटणी भरून निघते. चीक गळतो तो पुसायचा, बस. ज्युनिपर हा सूचिपर्णी, तो सुंदर वाकतो, पण त्याच्याशी घाई चालत नाही. फांदीवरची सगळी हिरवळ काढली तर ती फांदी गेलीच, आणि झाड आतून मेलं तरी कित्येक आठवडे हिरवंच दिसतं. म्हणून त्याला तार घातली की त्याच मोसमात कुंडी बदलत नाही. जेडच्या फांद्या रसाळ असतात, भरपूर पाणी प्यायलेल्या असताना कट्‌कन तुटतात. बोगनवेलीची कोवळी फांदी हवी तशी वळते, जून झाली की काडकन जाते. या दोघांना मी तारेपेक्षा कात्रीनेच घडवतो. फांदीवरचा कुठला डोळा, म्हणजे फुटव्याची जागा, कुठल्या दिशेला बघतो ते पाहायचं, त्याच्या पुढे कापायचं, नवी फांदी तिकडे वाढू द्यायची आणि पुन्हा कापायचं. पेंजिंग या बोन्सायसारख्या चिनी कलेतली, ग्वांगडोंग प्रांतातली लिंगनान परंपरा अशाच छाटणीवर उभी आहे. त्यात वेळ लागतो, पण कापून-कापून आलेल्या फांदीला जी कोनदार वळणं मिळतात ती तारेला साधत नाहीत.

तार घातल्यावरचं लक्ष हे निम्मं काम आहे. वाढीच्या दिवसांत फायकसची फांदी काही आठवड्यांतच फुगते आणि तार सालीत रुतायला लागते. आधी फांदी खोडातून निघते तिथे बघावं, तिथे ती लवकर जाडावते. काढताना तार उलगडू नये, प्रत्येक वेढ्यावर कटरने तुकडा पाडावा. उलगडायच्या नादात महिनोन्‌महिने जपलेला कोंब निखळून हातात येतो, आणि वाचलेली तार तशीही सरळ राहत नाही.

तार निघाल्यावर फांदी थोडी मागे फिरली तर पुन्हा घालावी, जुन्या वेढ्यांच्या खुणा टाळून. फायकस बहुतेकदा लवकर ऐकतो. ज्युनिपरच्या जुन्या फांदीला दोन-तीन वेळा तरी तार घालावी लागते.