मासळीच्या पेटीतून पुण्याला गेलेल्या कोंबड्या

सावर्ड्याजवळ आमची पंधराशे पक्ष्यांची शेड आहे. अर्ध्या भिंती चिऱ्याच्या, वर जाळी, पावसात ताडपत्रीचे पडदे. मिस्टर मुंबईला असतात, शेड मीच बघते. कंपनीशी करार नाही. पिल्लं, खाद्य, औषध सगळं आमचं आणि माल आसपासच्या चिकनवाल्यांना.

औषधाचं म्हणाल तर ते ठरलेलं होतं. पिल्लं उतरली की पहिले चार दिवस पाण्यातून ॲंटिबायोटिक. कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. दुकानदार बाटली द्यायचा, मी पाजायचे. विसाव्या दिवसाच्या आसपास रात्री शेडमध्ये घरघर ऐकू आली की एन्रोफ्लॉक्सॅसिन हे दुसरं ॲंटिबायोटिक, त्याने नाही भागलं तर आणखी एक बाटली. सासूबाई म्हणायच्या, "कोंबड्यांना माझ्यापेक्षा जास्त औषदा लागतायत गो." मी हसण्यावारी न्यायचे.

गेल्या आषाढातली बॅच बाविसाव्या दिवशी घरघरायला लागली. रोज आठ-दहा पक्षी जायचे. एन्रो तीन दिवस दिलं, मग डॉक्सीसायक्लिन, म्हणजे डॉक्सी दिलं, आणि मर चौदावर गेली. तालुक्याच्या पशुवैद्यांना बोलावलं. त्यांनी पायरीच्या चिऱ्यावरच एक पक्षी फाडून दाखवला. हृदयावर दुधाची साय धरावी तसा पांढरा थर, कलेजीवरही तसाच. "ई. कोलाय जंतू दिसतोय," ते म्हणाले. "पण तो कुठल्या औषधाला मरेल ते मला नुसतं बघून सांगता येणार नाही. कल्चर करून घ्या, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून त्यावर औषधं तपासतील."

पहिली खेप वाया गेली, आणि चूक पूर्ण माझी. मेलेले तीन पक्षी मी रात्रभर फ्रीजरमध्ये टाकले आणि सकाळी दिराबरोबर पुण्याला औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेत पाठवले. पक्षी दगडासारखे गोठलेले, वर सहा दिवस औषध प्यालेले. अशातून जंतू उगवला नाही तरी त्याचा अर्थ काही निघत नाही, असं त्यांनी दिराला समजावलं. झालंही तसंच, काही उगवलंच नाही.

ती बॅच मी चाळिसाव्या दिवशी विकली. डॉक्सी थांबवून बाराच दिवस झाले होते. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे. औषध थांबवल्यावर किती दिवस मांस विकू नये ते बाटलीवर लिहायचा नियम 2012 पासून आहे. लिहिलेलं नसेल तर कोंबडीसाठी निदान 28 दिवस धरायचे. चाळीस दिवसांच्या जिवाला 28 दिवस! ही गोष्ट मला पशुवैद्यांनी सांगितली, तीही बॅच गेल्यावर. लेबल इतक्या बारीक अक्षरात असतं की मी ते कधी वाचलंच नव्हतं.

पुढची पिल्लं श्रावणात घेतली, गणपतीनंतर माल निघेल अशा बेताने. श्रावणात आमच्याकडे कोंबडी कोण घेतंय? या वेळी पशुवैद्यांनी पहिल्या चार दिवसांचं औषध बंद करायला लावलं. त्या चार रात्री मला झोप नव्हती, पण पिल्लं नेहमीइतकीच दगावली, जास्त नाही. घरघर मात्र एकोणिसाव्या दिवशी आलीच.

आता तोंडाला कुलूप लावल्यासारखं बाटलीलाही लावलं. एक थेंब औषध न देता संध्याकाळी नुकतेच मेलेले तीन पक्षी दोन-दोन पिशव्यांत बांधले. मासेवालीकडून थर्मोकोलची पेटी आणि बर्फाचा चुरा आणला. थंड राहिले पाहिजेत पण गोठता कामा नयेत, एवढं आता पाठ झालं होतं. रात्रीची एसटी धरली. कंडक्टरने पेटीकडे बघून विचारलं, "पापलेट काय, वहिनी?" मी म्हटलं, "बोंबील." कुंभार्लीच्या वळणांवर पेटी दोन्ही पायांत दाबून बसले होते. ती उघडली असती तर काय झालं असतं, कल्पना करा.

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी मला एका आधीच्या नमुन्याची बशी दाखवली. पिवळसर जेली, तिच्यावर जंतूंचा पातळ थर आणि वर कागदी टिकल्या, प्रत्येक टिकलीत एकेक औषध. जे औषध चालतं त्याच्याभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ रिंगण पडतं. चालत नाही त्याच्या टिकलीला खेटून जंतू दाट उगवतात. मी विचारलं, "आणि पूर्वी मिळायचं ते कोलिस्टिन?" त्या म्हणाल्या, त्याची परीक्षा टिकलीवर नीट होतच नाही, आणि 2019 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ते खाण्याच्या जनावरांसाठी बंद केलंय. अतिदक्षता विभागात बाकी सगळं हरलं की माणसाला ते देतात. त्यालाही न जुमानणारा, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारा जनुक 2015 मध्ये चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि माणसांतही सापडला होता.

चौथ्या दिवशी रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला. अकरा औषधांपैकी सातांपुढे 'आर', म्हणजे जंतू दाद देत नाही. एन्रो आर, टेट्रासायक्लिन आर (डॉक्सी त्याच घराण्यातलं), सल्फा आर. माझी अख्खी फळी त्यात. प्रिंट काढून फाईलला लावायला गेले तर त्याच फाईलीत सासूबाईंचा लघवीच्या कल्चरचा जुना कागद. तोच तक्ता, तोच ई. कोलाय, सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे तोच आर. एन्रो आणि सिप्रो एकाच घराण्यातली. त्यांचा जंतू आमच्या शेडमधून गेला असं काही त्यावरून म्हणता येत नाही, आणि कुणी म्हटलंही नाही. पण मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बसले होते.

जेन्टामायसिन चालत होतं. तरी पशुवैद्य म्हणाले, विक्री तोंडावर आलीय, तेही द्यायचं नाही. "पाणी कुठलं?" विहिरीचं. पावसात आमच्या विहिरीचं पाणी हाताला लागतं आणि गढूळ होतं. त्यांनी निपलच्या लाईनचं, म्हणजे कोंबड्या चोच लावून पाणी पितात त्या नळीचं टोक उघडायला लावलं. मी बोट घातलं, तर आत तपकिरी, शेवाळासारखा बुळबुळीत थर. वर्षानुवर्षं गूळपाणी, व्हिटॅमिन, औषधं त्याच नळीतून गेलेली. जंतूंना घर आणि खुराक दोन्ही मिळालेलं!

ती लाईन बंद करून घागरीने भांडी भरली, रोज घासली. ओला तूस काढून चुना मारला. वाऱ्याच्या आडचे पडदे दिवसा उघडे ठेवले, कारण अमोनियाने माझेच डोळे झोंबत होते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल, म्हणजे पाण्यात घालायची क्लोरीनची पावडर, आणि ओटी टेस्टची बाटली मिळाली. क्लोरीन असेल तर तिच्या थेंबांनी पाणी पिवळं होतं. मर आठवड्याभरात दोन-तीनवर आली. नुसत्या पाण्याने आली की हवेने, ते मी छातीठोक सांगणार नाही. शेड रिकामी झाल्यावर लाईन हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतली, तेव्हा टोकातून जो गाळ आला त्याचा फोटो मी दुकानदाराला पाठवला. त्याने अंगठा दाखवला आणि नवीन टॉनिकचा भाव टाकला.

आता टेस्ट टाकीवर न करता शेवटच्या निपलच्या पाण्यावर करायची, आणि राणीखेत रोगाची लासोटा लस पाण्यातून द्यायच्या दिवशी क्लोरीन बंद, नाहीतर लस मरते. ही टेस्ट सासूबाईंनी स्वतःकडे घेतलीय. नळीत दोन थेंब टाकून उजेडात धरतात. गेल्या मंगळवारी ओरडल्या, "पिवळा नाय झाला गो!" मी टाकीत टीसीएल घालायलाच विसरले होते.