फलालीन, लुगडं आणि मिनियापोलिसचा बर्फ

मुलीने बातमी दिली तेव्हा मुंबईत ऑक्टोबर हीट ऐन भरात होती. तारीख जानेवारीतली, बाळंतपण अमेरिकेत, मिनियापोलिसला. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम दोन महिने झालेले, म्हणजे मी काही जात नाही हे उघडच होतं. पण हात धड होते. म्हटलं, शिवते.

आता मला जे शिवता येतं ते सगळं दादरच्या बाळांचं. मलमलची झबली, पाठीला नाड्या, चौकोनी दुपटी, लंगोट. बर्फातल्या बाळाला काय घालतात ते मला कुठून ठाऊक असणार? माझी आई फलालीन म्हणायची त्या कापडाची आठवण झाली आणि मी मंगलदास मार्केट गाठलं. बाहेर डोकं तापलेलं, आत गल्ल्यांत वारा नाही, आणि मी जाड मऊ फ्लॅनेल मागतेय. दुकानदार म्हणाला, "काकी, महाबळेश्वरला चाललात काय?" चार मीटर घेतलं. पिवळं आणि पांढरं, कारण मुलगा की मुलगी ते आपल्याकडे सांगत नाहीत आणि त्या दोघांनी तिकडेही विचारलं नव्हतं.

पहिली दोन झबली घाईने, कापड न धुताच कापली. शिवून झाल्यावर धुतली तर दीड बोट आखूड! शिवाय सुती कापड आटलं आणि पॉलिस्टरचा दोरा आटला नाही, त्यामुळे गळ्याची शिवण चुरमडून बसली. चाळीस वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईने करावी अशी ही चूक नव्हे. उरलेलं कापड रात्रभर बादलीत भिजवलं.

मशीन पायाचं. पायटा मारणं नव्या गुडघ्याला सोसेना, म्हणून मोटर बसवून घेतली. पहिला आठवडा नुसता वैताग. पाय ठेवला की मशीन सुसाट, मी मागे. काखेचं वळण शिवायला गेले की शिवण थेट बाहीवर. शेवटी पायाच्या पट्टीखाली वर्तमानपत्राची घडी सारली, म्हणजे पट्टी पुरती दाबलीच जाईना, तेव्हा कुठे वेग माझ्या हातात आला. मलमलची ११ नंबरची सुई काढून १४ची घातली. फ्लॅनेलचा भुसा इतका उडतो की दर दोन झबल्यांमागे दातांची पट्टी उघडून जुन्या टूथब्रशने साफ करावी लागे. वर पंखा लावला की भुसा घरभर, बंद केला की मी घामाघूम.

एवढ्यात जाऊबाई आल्या. "अगं, जन्माआधी नवं शिवू नये. पहिलं अंगाला जुनंच लागावं." मी असलं फार मानत नाही. पण रात्री झोप लागेना. सकाळी माळ्यावरची ट्रंक काढली. तिच्यात सासूबाईंचं नऊवारी लुगडं होतं, वापरून वापरून सायीसारखं झालेलं, हिरवं, लाल काठाचं. त्याची गोधडी करायची ठरवलं. जुनंही झालं आणि पणतवंडाला पणजीचंही झालं. जाऊबाईंचंही समाधान.

लुगडं दोनदा धुतलं, खळ नाही की काही नाही. ३६ बाय ३० इंचांचे चार थर जमिनीवर अंथरले, सुरकुती राहू नये म्हणून तळहाताने मधून कडेला सारवल्यासारखे साफ केले आणि चार कोपऱ्यांवर पिठाचे डबे ठेवले. आधी कच्चे टाके, मग धावदोरा. धावदोरा काठाने घालत घालत आत यायचं, अर्ध्या इंचावर एकेक फेरा. खाली बसवत नव्हतं, त्यामुळे पुढचं सगळं पलंगावर मांडीत घेऊन. बाहेरचा एक फेरा दोन संध्याकाळी पुरायचा. आत येऊ लागले तशा एका बसणीत दोन-तीन फेऱ्या व्हायच्या.

फोनवर मी रोज प्रगती दाखवायची. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली आणि आमच्यातलं अंतर साडेदहा तासांचं साडेअकरा झालं. माझी सकाळची सहाची म्हणजे तिची आदल्या दिवशीची संध्याकाळ. तिच्या मागे खिडकीत बर्फ, जावई फावडं घेऊन दार मोकळं करतोय, आणि मी इकडे पदराने वारा घेत टाके दाखवतेय.

गोधडी निम्म्यावर आली तेव्हा ती चाचरत म्हणाली, "आई, एक सांगू? पाळण्यात गोधडी चालत नाही. वर्षाचं होईपर्यंत सैल पांघरूण, उशी काहीच ठेवायचं नाही, तोंडावर येऊन श्वास कोंडतो म्हणतात." मी शिवलेल्या कुंचीची नाडीही नको, गळ्याशी दोरी नको म्हणे. मग जाड कोट तरी शिवू का? तर तोही गाडीत नको. कोट फुगीर असतो, धक्का बसला की दबतो आणि कार सीटचे पट्टे सैल पडतात. मला राग आला, खोटं कशाला बोलू. तुला काय आम्ही कोंडून मारलं का, असं तोंडावर आलेलं गिळलं. दोन दिवस सुई हातात धरली नाही.

तिसऱ्या दिवशी तिचाच फोन. पातळ कपडे घालून पट्टे आवळायचे आणि वरून पांघरूण टाकायचं, असं करतात म्हणे. "गाडीत गोधडी लागेल, आई. आणि जमिनीवर पालथं घालायला." मग कुंचीच्या नाड्या उसवून टिचबटणं लावली आणि उरलेले फेरे घेतले.

डिसेंबरात ओळखीचा एक मुलगा तिकडे निघाला. बॅगेत दोन किलो जागा देतो म्हणाला. हे म्हणाले, डिंकाचे लाडू पाठवू. मी म्हटलं, गोधडी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर गोधडी, सहा झबली आणि कुंची मिळून सव्वा किलो भरलं. उरलेल्या जागेत लाडू गेले, वादही तिथेच मिटला.

जानेवारीत नात झाली. हॉस्पिटलमधून घरी नेतानाचा फोटो आला. उणे अठरा अंश होतं म्हणे. फोटोत नातीचं फक्त नाक दिसतंय आणि तिच्या पोटापासून खाली सासूबाईंचा लाल काठ. काठाच्या कोपऱ्यात माझा एक टाका तिरका गेलाय, तो मला लगेच दिसला. बारशाला कुंची घातली, दहा मिनिटांत तिने भोकाड पसरलं आणि ती काढली.

लुगड्याचा निम्मा भाग अजून ट्रंकेत आहे. वर्ष झालं की पाळण्यात चालेल, मोठी कर, असं मुलीने स्वतःहून सांगितलंय. पावसाळ्याच्या आत धुऊन वाळवून घ्यायला हवं, जूननंतर या घरात काही धड वाळत नाही.