पल्सरच्या झिजलेल्या पार्टना कार्बन शीट लावताना

बाबांची काळी पल्सर १५० इंजिनाने अजून खणखणीत आहे. थकली होती ती बाहेरून. डूमवरचं (हेडलाइटभोवतीच्या कव्हरवरचं) लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चकचकीत थर, उन्हाने उडालेलं, साइड पॅनलवर पँट घासून पांढरट पट्टे, पुढच्या मडगार्डवर खडीचे टवके. पेंटरकडे टाकायची तर गाडी अडकून पडणार, आणि कामावर जायला घरात दुसरी गाडी नाही. म्हणून एकेक पार्ट काढून घरीच कार्बन शीट, म्हणजे कार्बन फायबरच्या विणीसारखी नक्षी असलेली चिकट प्लास्टिक शीट, लावायचं ठरवलं.

पुण्यात नाना पेठेत चौकशी केली तेव्हा भावात बराच फरक दिसला, आणि त्याला कारण आहे. स्वस्त शीट कॅलेंडर्ड असते, म्हणजे पीव्हीसी रोलरखाली दाबून ताणलेलं. वळणावर बसवली तरी उन्हात ती आकसते आणि कडा सोडते. कास्ट शीटमध्ये पीव्हीसी पातळ ओतून वाळवतात. ती साधारण ५० मायक्रॉनची, मऊ, आणि आकसणं अगदी कमी. सपाट पॅनलला स्वस्तातली चालून जाईल, पण डूमसाठी कास्टच घ्या. ३डी, ५डी, ६डी हे आकडे मात्र कुठलंही माप नाहीत. ३डी हाताला खरखरीत लागते, बाकीच्या गुळगुळीत आणि चकचकीत. जुन्या पार्टवर चकचकीत शीटमधून खालचा प्रत्येक खड्डा दिसतो, त्यामुळे मी मॅट ३डी घेतली.

काय लावायचं नाही हेही आधीच ठरवलेलं बरं. मागच्या चाकाजवळचं दाणेदार काळं प्लास्टिक रंगवलेलं नसतं, त्यावर गोंद धरत नाही. सायलेन्सरलगतचे पार्ट तापतात. टाकी मी मुद्दाम सोडली, कारण झाकणाशी पेट्रोल सांडलं की शीटची कड सुटू लागते.

खरं काम शीट उघडायच्या आधीचं. चेनचं ऑइल आणि वर्षानुवर्षं मारलेलं सिलिकॉन पॉलिश भांड्याच्या साबणाने पुरतं निघत नाही. साबणानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पार्टवर पाणी ओतून पाहायचो. पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर पार्ट स्वच्छ, थेंब गोळा झाले तर परत पुसणं. मग डूमवर पॅकिंग टेप दाबून झटक्यात ओढली. टेपसोबत लॅकरचे कपचे आले. टेपला येतात ते शीटच्या गोंदालाही येणारच, म्हणून सैल लॅकर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने पार काढलं, टवक्यांत पुट्टी भरली, आणि पाणी लावून ६०० व ८०० ने घासलं. डोळ्यांना सपाट दिसणारी जागा नखाला अडते. नख अडायचं थांबेपर्यंत घासत राहिलो. उघड्या पुट्टीवर गोंद टिकत नाही, तिच्यावर प्रायमर हवाच. तो पूर्ण वाळल्याशिवाय घाई करू नये, आत राहिलेला थिनर उडताना शीटखाली फुगे येतात.

शीट कापताना मागच्या कागदावर बाणाच्या खुणा केल्या. एक तुकडा आडवा आणि दुसरा उभा कापला तर एकाच रोलमधली दोन्ही साइड पॅनलं उजेडात वेगवेगळ्या छटेची दिसतात. साइड पॅनलं सहज झाली. मधून बाहेर स्क्वीजी (शीट दाबायची चपटी पट्टी) फिरवत गेलं की हवा निघते.

डूमचं तसं नाही. हेडलाइटच्या कडेला खोलगट भाग आहे, तिथे सगळं कसब लागतं. शीट वरून ताणून मग खळग्यात दाबली तर त्या वेळी छान बसते आणि चार उन्हं खाल्ली की तिथेच उचलते. आधी शीट सैल सोडून खळग्यात नीट बसवायची, आणि मग उंचवट्यांवरून बाहेर ओढायची. शीट मऊ करायला गरम हवा सोडणारी हीट गन हलती ठेवायची. जास्त तापलं की कार्बनचे चौकोन लांबट होतात आणि खरखरीतपणा चपटा पडतो. शीट उचलून हलकी ऊब दिली की कास्ट शीट बरीचशी मूळ आकारात येते, हा तिचा मोठा गुण. कड साधारण १ सेंटीमीटर आत दुमडली, आणि शेवटी ताणलेल्या सगळ्या जागा ९० अंशांच्या वर तापवून घेतल्या. हे केल्याने शीट ताण विसरते. हेअर ड्रायरने तेवढं तापमान गाठणं अवघड, हीट गन कुणाकडून तरी मागून आणा, पण आणाच.

हे सगळं मी फेब्रुवारीत केलं. पावसाळ्यात दमट हवेत पार्ट कोरडा राहत नाही. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला, कडा जागच्या जागी आहेत. वॉशिंगवाल्याला प्रेशरची नळी कडांपासून लांब धरायला सांगतो. वॅक्स लावत नाही, ३डीच्या खाचांत पांढरं होऊन बसतं. मऊ ब्रश आणि शाम्पू पुरे. काळ्या गाडीवर काळीच शीट असल्याने आरसीचा प्रश्न आला नाही. पूर्ण गाडीचा रंग बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा.

कधी काढायची झाली तर थोडी ऊब देऊन, शीट मागे दुमडत सावकाश ओढायची. कंपनीच्या धडधाकट रंगावरून ती स्वच्छ निघते. पुट्टी भरलेल्या जागी मात्र प्रायमर सोबत येऊ शकतो, तिथे पुन्हा पेपर मारायची तयारी ठेवा.