हलवा जेवायला लागला, आणि एका रात्री फरशीवरही आला

नवीन मंडळींसाठी आधी ओळख. हलवा म्हणजे माझी स्नोफ्लेक मोरे ईल, सापासारखा लांबट समुद्री मासा, शास्त्रीय नाव एकिड्ना नेब्युलोसा. पांढुरक्या अंगावर काळ्या नक्षीच्या दोन रांगा आणि त्यात पिवळे ठिपके. संक्रांतीच्या आठवड्यात घरी आली, म्हणून भाचीनं हलवा नाव ठेवलं आणि तेव्हापासून आमच्याकडे ‘ती’चा ‘तो’ झाला. बाजारात हलवा नावाचा खायचा मासा वेगळाच असतो. त्यामुळे ‘हलव्याला कोळंबी घातलीस का?’ असं बायको फोनवर विचारते तेव्हा रिक्षावाले वळून बघतात.

टाकी चार बाय दोन बाय दीड फूट, काठोकाठ भरली तर साधारण ३४० लिटर. आरओचं पाणी, त्यात समुद्री मीठ, खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५. जानेवारीत नाशिकच्या थंडीनं एका हीटरला दाद दिली नाही, पहाटे पाणी २२ अंशांवर यायचं. दुसरा लावल्यावर २६ वर टिकलं.

पहिले १९ दिवस त्यानं काही खाल्लं नाही. मी चिमट्यात कोळंबी धरून त्याच्या डोळ्यांसमोर नाचवायचो आणि तो पीव्हीसी पाइपात आणखी मागे सरकायचा. चूक माझी होती. या माशाची नजर बेताची, सगळा कारभार नाकावर. तोंडाच्या टोकाला दोन पिवळ्या नळ्या दिसतात ना, त्या नाकपुड्या. विसाव्या रात्री दिवे बंद केले आणि वितळलेल्या कोळंबीचं पाणी चमचाभर टाकीच्या दुसऱ्या टोकाला सोडलं. अर्ध्या मिनिटात डोकं बाहेर. वाळूला घासत, डावीकडे-उजवीकडे हुंगत आला, कोळंबीच्या बोटभर बाजूनं पुढे निघून गेला, थबकला, मागे वळला आणि खटकन धरली. तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी कोळंबी नाहीतर माकूळ.

तो सतत तोंड उघडझाप करतो, ते पाहून पाहुणे दचकतात. तो धमकावत नसतो, श्वास घेत असतो. कल्ल्यांची भोकं एवढीशी असतात की तोंडानं पाणी आत ढकलावंच लागतं. दातही त्याच्या भाईबंदांसारखे सुईसारखे नाहीत, खेकड्याचं कवच फोडायला बोथट, दाढांसारखे. याची परीक्षा मी नको तशी घेतली. टाकीत क्लीनर श्रिंपची, म्हणजे शोभेच्या छोट्या कोळंबीची, जोडी सोडली. सकाळी एक मिशी तरंगत होती.

आता एप्रिलची गोष्ट. संध्याकाळी लाइट गेली, बॅटरीवरच्या एअर पंपाची नळी आत घालायला झाकण सरकवलं आणि लाइट आल्यावर ते नीट लावायचं राहिलं. रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तर पायाजवळ काहीतरी वळवळलं. हलवा! स्टँडखाली, अंगभर केर चिकटलेला. खवले नसतात, नुसता चिकट थर, त्यामुळे कोरड्या हातानं धरायचं नाही. ओल्या टॉवेलात गुंडाळून परत सोडला. दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी जेवला.

तो एवढा तगला कसा, याचा शोध घेताना खरी मजा कळली. बहुतेक मासे भक्ष्य पाण्यासकट तोंडात ओढून घेतात, त्यामुळे जमिनीवर त्यांना गिळता येत नाही. मोरेच्या घशात मात्र जबड्यांची दुसरी जोडी असते. ती पुढे येते, घास पकडते आणि मागे खेचून नेते. हे २००७ मध्ये रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या संशोधकांनी दाखवलं. पुढे २०२१ मध्ये मेहतांच्याच एका अभ्यासात स्नोफ्लेक मोरे उतारावर चढून पाण्याबाहेर माकूळ गिळताना टिपल्या गेल्या. म्हणजे ओहोटीच्या वेळी खडकावर खेकड्यामागे जाणं त्याच्या अंगातच आहे. लाल समुद्रापासून हवाईपर्यंत, आपल्या लक्षद्वीप-अंदमानातही, उथळ प्रवाळात हा हेच करतो. माझी फरशी त्याला खडकच वाटली असणार.

लांबी आला तेव्हा फूटभर, आता काचेवर टेप लावून सोळा इंच. पूर्ण वाढला तर मीटरभर होऊ शकतो, म्हणजे टाकीचाही विचार करावा लागणार. सध्या झाकणाच्या चारही कडांना क्लिपा बसवतोय आणि नळ्यांच्या फटी स्पंजानं बुजवल्यात. सहा मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकचा तुकडा कुणाकडे पडून असेल तर सांगा, मी गंगापूर रोडच्या बाजूला येऊन घेऊन जाईन.