गच्चीवर १०० वॅट आणि शेजारी नाजूक रिसीव्हर: माझा अनुभव

गच्चीच्या एका कडेला माझा ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) डायपोल, म्हणजे तारेची अँटेना आहे; तिच्यावरून मी १०० वॅटपर्यंत ट्रान्समिट करतो. दुसऱ्या कडेला लांब तार टाकून तिच्यावर एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा) रिसीव्हर कायम चालू ठेवायचं ठरवलं, तेव्हा मागच्या सोसायटीतले काका म्हणाले, "रिसीव्हर इतक्यात जोडू नकोस. तारेवर किती येतंय ते आधी मोज." काका जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले आहेत. असल्या बाबतीत मी त्यांचं ऐकतो.

मोजणं सोपं आहे. कोॲक्सच्या (अँटेनापासून येणाऱ्या केबलच्या) टोकाला रिसीव्हरऐवजी ५० ओहमचा रेझिस्टर लावला, त्यावर ऑसिलोस्कोपचा प्रोब धरला आणि रिगवरून (माझ्या ट्रान्समीटरवरून) ७.१ मेगाहर्ट्झला कॅरियर (नुसती अखंड लहर) सोडला. सुरुवात ५ वॅटवर, मग वाढवत वाढवत १००. पडद्यावर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत २० व्होल्ट! ५० ओहमवर त्याचा हिशेब होतो १ वॅट, म्हणजे ३० डीबीएम (१ मिलिवॅट म्हणजे ० डीबीएम, पुढे दर १० डीबीएमला दहापट). माझ्या रिसीव्हरची सहनशक्ती १० डीबीएम, म्हणजे १० मिलिवॅट. शंभर पट जास्त. दोन्ही तारांमधलं अंतर जेमतेम १० मीटर, आणि या बँडवर ती फक्त पाव तरंगलांबी होते.

पहिला उपाय फुकटातला. तार डायपोलला काटकोनात फिरवली. व्होल्टेज २० वरून ८ वर आलं. तरीही १६० मिलिवॅट उरलेच.

मग पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून १२ व्होल्टचा छोटा रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि बाकीचं सामान आणलं. रिलेच्या जोडणीत एक गोष्ट फार महत्त्वाची: रिलेला वीज मिळाली तरच रिसीव्हर अँटेनाला जोडला जावा. वीज नसताना रिसीव्हरचं टोक ग्राउंडला. सप्लाय बंद पडला, वायर सुटली, तरी रिसीव्हर सुरक्षित. रिगच्या मागच्या सॉकेटमधून पीटीटीची (ट्रान्समिट करताना दाबायच्या बटणाची) लाइन घेतली. पीटीटी दाबला की रिलेची वीज तुटते.

पण काका ट्रान्समिट करतात तेव्हा माझ्या रिलेला ते कसं कळणार? त्यांचा डायपोलही माझ्या तारेपासून लांब नाही. म्हणून रिलेच्या पुढे १एन४१४८ डायोडची उलटसुलट जोडी सिग्नल आणि ग्राउंडमध्ये टाकली. सिलिकॉन डायोड ०.६-०.७ व्होल्टला वाहू लागतो, म्हणजे कितीही सिग्नल आला तरी पुढे साधारण ७ डीबीएमच जातं. डायोडच्या आधी सिरीजमध्ये छोटा बल्ब टाकला. करंट वाढला की फिलामेंट तापतं, त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि डायोडवरचा भार कमी होतो.

इथे खरा त्रास सुरू झाला. डायोड लावताच १५८४ आणि २३७६ किलोहर्ट्झवर मराठी बातम्या ऐकू येऊ लागल्या! आमचं घर हडपसर भागात आहे. पुणे आकाशवाणीची मीडियम वेव्ह ७९२ किलोहर्ट्झवर, आणि १५८४ म्हणजे तिची दुप्पट, २३७६ तिप्पट. इतक्या जवळच्या ट्रान्समीटरचा सिग्नल डायोडला वाहायला लावत होता आणि डायोड त्यातून नवे सिग्नल तयार करत होता. कितीतरी जण इथेच वैतागून डायोड काढून टाकतात. मला ते अजिबात पटत नाही. दोष क्रमाचा आहे. बल्ब आणि डायोडच्या आधी मीडियम वेव्ह अडवणारा हाय-पास फिल्टर बसवला, तशी ती भुतं गेली. डायोडच्या दोन जोड्या सिरीजमध्ये लावूनही हा त्रास कमी होतो, पण मग मर्यादा १३ डीबीएमवर जाते आणि माझ्या रिसीव्हरला ती परवडत नाही.

शेवटची चाचणी काकांबरोबर. रिसीव्हरच्या जागी पुन्हा ५० ओहम आणि स्कोप. फोनवरून म्हटलं, "काका, आता दाबा." त्यांच्या १०० वॅटला पडद्यावर दीड व्होल्टच्या आत सपाट कापलेली लाट दिसली. माझ्या स्वतःच्या ट्रान्समिशनला रिले सुटल्यावर जेमतेम काही मिलिव्होल्ट. त्यानंतरच रिसीव्हर जोडला.

आता काका २० मीटर बँडवर बोलत असतानाही मी ७०७४ किलोहर्ट्झवर एफटी८ (कमकुवत सिग्नलसाठीची, संगणकावर चालणारी डिजिटल पद्धत) घेतो. ते पीटीटी दाबतात तेवढा वेळ कमकुवत स्टेशनं बुडतात, तेवढं चालतं. तारेवर साचणारा स्टॅटिक चार्ज जमिनीत जावा म्हणून १०० किलोओहमचा रेझिस्टर या सगळ्या जोडणीच्या डब्याच्या तोंडाशीच आहे. आकाशातल्या विजेपुढे मात्र यातलं काहीच टिकणार नाही, म्हणून वळवाचे ढग जमू लागले की कोॲक्स काढून घराबाहेरच ठेवतो.