एक गाडी नायट्रोजनची, एक साध्या हवेची: घाटापलीकडचा प्रवास

मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, टायरमध्ये नायट्रोजन भरायचा की साधी हवा, हा आमच्या दोन कुटुंबांतला जुना वाद. या वेळी दोन्ही गाड्या एकाच रस्त्याने निघणार होत्या, टायरही एकाच मापाचे. निघायच्या सकाळी थंड टायरमध्ये दोघांनीही ८० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब ठेवला: आमच्यात नायट्रोजन, मित्राच्या गाडीत कॉम्प्रेसरची हवा. दाब मोजायचं गेज मात्र एकच. दोन गेजचं आपसांत कधी जुळत नाही.

सपाटीवर ऊन तापलं. पहिल्या थांब्यावर आमचा टायर ९० दाखवत होता, त्याचा ९१. नायट्रोजनचा दाब तापल्यावर वाढत नाही असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. वायूला ते कुणी कळवलेलं नसतं. साध्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन, आणि कोरडा वायू कोणताही असो, तापला की सारखाच फुगतो. फरक पडलाच तर ओलाव्याने. टाकीतलं पाणी वेळच्या वेळी न काढलेल्या कॉम्प्रेसरची हवा दमट येते. ९१ बघून मित्र हवा सोडायला निघाला, त्याला थांबवलं. चालवून तापलेल्या टायरची हवा कधीच कमी करू नका. ही वाढ गृहीत धरूनच थंड दाब ठरवलेला असतो.

मुक्काम सुमारे १,५०० मीटर उंचीवर होता. खाली ३० अंश, वर पहाटे ५. सकाळी दोन्ही गाड्यांचे टायर ७५च्या आसपास. थंडीने आठेक पीएसआय नेले, उंचीवरच्या विरळ हवेमुळे गेजवर दोनेक परत आले. वर दाब ८० केलात, तर खाली उतरल्यावर पहिल्या सकाळी थंड टायर पुन्हा मोजा, पाच-सहा जास्त भरतील. मोजायचं ते गाडी तीन तास उभी राहिल्यावर, आणि एका बाजूवर ऊन यायच्या आत.

आमचा मागचा आतला टायर मात्र ६८वर आला होता. जोडचाकातल्या आतल्या व्हॉल्व्हला हात पोचत नाही म्हणून लांब नळी लावलेली असते, तिचा आटा सैल झाला होता. साबणाचं पाणी लावताच बारीक बुडबुड्यांची माळ उठली. आटा आवळला आणि मित्राच्या पंपाने साधी हवा भरली. मिसळल्याने काहीही बिघडत नाही, शुद्धता उतरते इतकंच. नायट्रोजन मिळेपर्यंत कमी दाबावर गाडी हाकणं हा खरा धोका. छोट्या कारचा पंप ८० पीएसआयला दमतो, तेव्हा तेवढ्या दाबाचाच घ्या.

निघण्याआधी पाणी, सामान, माणसं सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्या आणि प्रत्येक अ‍ॅक्सलच्या वजनावरून टायर कंपनीच्या तक्त्यात दाब बघा.

नायट्रोजनचा फायदा आहे तो गाडी उभी असताना, कारण ऑक्सिजन रबरातून लवकर झिरपतो. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक संस्थेच्या वर्षभराच्या चाचणीत ३० पीएसआयच्या टायरमधून साधी हवा सरासरी ३.५ पीएसआय उतरली, नायट्रोजन २.२. फुकट मिळत असेल तर जरूर भरा. पैसे मोजायचे असतील तर मी ते आधी चांगल्या गेजवर आणि टायर प्रेशर मॉनिटरवर घालीन. आणि टायरच्या बाजूवर कोरलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.